बॉडी दोन इंच वर गेली, गिअरचे दांडे खालीच राहिले

मारुती जिप्सीची बॉडी दोन इंच उचलायची ठरली की बोलणं टायरपासून सुरू होतं आणि टायरपाशीच संपतं. 235 मिमी रुंदीचा टायर बसेल का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासेल का, बंपरच्या वर दिसणारी फट कशी झाकायची. गिअरच्या दांड्यांचं काय करणार, हे मला फार थोड्यांनी आपणहून विचारलंय. मी पुण्यात धायरीतल्या एका लहान टूलरूममध्ये काम करतो. लेथ, मिलिंग, थोडं वेल्डिंग. जिप्सीवाल्यांशी ओळखी वाढत गेल्या तसे त्यांच्या गाड्यांचे दांडेही माझ्या बाकावर यायला लागले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. बॉडी लिफ्ट करताना ब्रेकच्या पाइपांची जितकी काळजी घेतो तितकीच या दोन दांड्यांची घ्यायला हवी: एक गिअरबॉक्सचा, दुसरा ट्रान्सफर केसचा (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी). म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी बॉडी लिफ्टमध्ये नेमकं होतं काय ते सांगतो. जिप्सीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी आणि बॉडी वेगळी. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पाटे, अॅक्सल हे सगळं चासीला धरलेलं असतं. बॉडी त्यावर रबरी माउंटिंगवर बसते. या माउंटिंगच्या जागी नायलॉनचे जाड ठोकळे घालायचे, बोल्ट तितके लांब आणि किमान 8.8 ग्रेडचे घ्यायचे, की बॉडी वर गेली. चासीवरची एकही वस्तू जागची हलत नाही. डिफरन्शियलखालची मोकळी जागा यात एक मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते टायरमुळे. जिप्सी किंगचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिमी व्यासाचा, 235/75 आर 15 साधारण 733 मिमीचा, म्हणजे अॅक्सल 32-33 मिमी वर येतो. तो मोठा टायर मडगार्डखाली मावावा म्हणून बॉडी उचलायची.

आता बॉडी आणि चासी यांच्या मधून जाणारी प्रत्येक वस्तू ताणली जाते किंवा तिरपी होते. स्टिअरिंगचा शाफ्ट, क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, पेट्रोल भरायचा रबरी पाइप, अर्थिंगची वायर. रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो आणि पंखा इंजिनावरच राहतो, त्यामुळे पंख्याची पाती आणि त्याभोवतीचं कव्हर यांचं जमेनासं होतं. पण यातल्या बहुतेक गोष्टी त्याच दिवशी ओरडून सांगतात. केबल आखूड पडली तर क्लच सुटत नाही, पंखा घासला तर आवाज येतो. दांड्यांचं तसं नसतं. गिअर पडतात, गाडी चालते, सिंहगड रोडवरून घरी येते. घोटाळा दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी बुटाखाली झाकलेला राहतो.

तो कधी उघडा पडतो ते मी दाजींच्या गाडीत पाहिलं. त्यांच्या जिप्सीची बॉडी एका गॅरेजमध्ये उचलून घेतली होती, दांडे होते तसेच ठेवलेले. वेल्ह्याच्या बाजूला एका कच्च्या उतारावरून आम्ही खाली येत होतो. पाऊस सरला होता पण चाकोऱ्यांत चिखल होता. लो रेंज (वेग कमी, जोर जास्त), पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढलेला, गाडी इंजिनाच्या जोरावर मुंगीच्या पावलांनी उतरत होती. मधेच इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि गाडी सुटली. ट्रान्सफर केसचा दांडा फोर-एलमधून, म्हणजे लो रेंजच्या जागेतून, उडून न्यूट्रलला आला होता. दाजींचा हात दांड्याकडे गेला. मी ओरडलो, "दाजी, दांडा सोडा, आधी ब्रेक!" त्यांनी ब्रेक धरला, चाकं थोडी घसरली आणि गाडी कडेच्या बांधाला टेकून थांबली. ताई मागे बसली होती. कुणाला काही लागलं नाही.

ट्रान्सफर केस न्यूट्रलला जाणं म्हणजे काय, हे नव्या माणसाला पटकन कळत नाही. गिअरबॉक्सचा दुसरा गिअर उडाला तर तो परत टाकता येतो, आणि आपल्याला त्याची सवयही असते. ट्रान्सफर सुटली की गिअरबॉक्समध्ये पहिला पडलेला असूनही त्याचा चारही चाकांशी संबंध तुटतो. इंजिनाचा ब्रेक शून्य. गिअरमध्ये गाडी लावून उतरलात आणि ट्रान्सफर न्यूट्रलला असेल, तर त्या गिअरचाही काही उपयोग नाही. म्हणून या विषयावर मी जरा तावातावाने बोलतो.

गाडी सपाटीला आणल्यावर बूट वर केला. दांडा जिथून वर येतो त्या तळाच्या पत्र्यातल्या भोकाची एक कड चांदीसारखी चकाकत होती आणि दांड्याचा रंग त्याच उंचीला गेलेला होता. म्हणजे हे आज घडलेलं नव्हतं. रोज थोडं थोडं घासत होतं.

आता यामागचा हिशेब. गिअरबॉक्सचा दांडा खाली एका गोळ्यावर डुलतो. गोळ्याच्या खालचं टोक आतल्या दट्ट्यांना ढकलतं, वरच्या टोकाला आपली मूठ. बाकावर मोजलेल्या एका दांड्याचे आकडे देतो, गाडीगणिक थोडाफार फरक पडेल. गोळ्यापासून मूठ 320 मिमी वर. गाडीच्या तळाचा पत्रा गोळ्यापासून साधारण 80 मिमी वर. दांडा मधल्या स्थितीपासून पुढे-मागे सुमारे 12 अंश डुलतो. म्हणजे पत्र्याच्या पातळीला त्याला पुढे-मागे मिळून 34 मिमी जागा लागते. बॉडी 50 मिमी वर गेली की पत्रा गोळ्यापासून 130 मिमीवर येतो. दांडा तितकाच डुलतो, पण या उंचीला त्याला लागणारी जागा होते 55 मिमी. भोक मात्र कंपनीने 34 च्या हिशेबाने पाडलेलं.

त्यात दांडा सरळ उभा नसतो, तो ड्रायव्हरकडे मागे झुकलेला असतो. 20 अंश झुकाव धरला तर 50 मिमी वर गेल्यावर दांडा भोकात सुमारे 18 मिमी मागे सरकलेला दिसतो. म्हणून आधी मागच्या कडेला घासतो. जे गिअर मागे ओढून पडतात ते आधी त्रास देतात. जिप्सी किंगच्या पाच गिअरच्या बॉक्सला ते म्हणजे दुसरा, चौथा आणि रिव्हर्स. "बाकी सगळे गिअर छान आहेत, फक्त दुसरा कधीकधी उडतो" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, बॉडी लिफ्ट आहे का?

कडेला टेकल्याने गिअर का उडतो? गिअर पडला म्हणजे स्लीव्हचे (शाफ्टवर सरकणाऱ्या दातेरी कड्याचे) दात गिअरच्या दातांवर पूर्ण सरकून बसले. त्याच वेळी दट्ट्यावरच्या खाचेत स्प्रिंगच्या जोरावर एक छर्रा अडकतो. तो "टक्" आपल्याला मुठीत जाणवतो. दांडा भोकाच्या कडेला टेकून 2-3 मिमी आधीच थांबला, तर छर्रा खाचेच्या उतारावर अर्धवट राहतो आणि दातही अर्धेच बसतात. साध्या रस्त्यावर तेवढ्यावर निभतं. जोर आला, विशेषतः उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर, की स्लीव्ह मागे सरकते. असं वारंवार झालं की दातांची टोकं गोल होतात. मग दांडा कितीही छान करून दिला तरी गिअर थांबत नाही, बॉक्स उघडावाच लागतो. हजार-दीड हजाराचं काम पुढे किती महागात पडतं, ते मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर पाहिलंय.

आणखी एक गोष्ट, जी सगळ्यात जास्त लोकांकडून राहते. उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे आणि "कुठे घासत नाही" म्हणायचं, एवढं पुरत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असतात, जोर आला की कलतात. जिप्सीची ट्रान्सफर केस तर गिअरबॉक्सपासून वेगळी, मधे आखूड प्रोपेलर शाफ्ट आणि स्वतःची रबरी माउंटिंग. लो रेंजमध्ये तिच्यावर भरपूर पीळ येतो आणि ती स्वतःभोवती थोडी फिरते. तिच्याबरोबर तिचा दांडाही फिरतो. रबर जुनं असेल तर आणखी जास्त. गॅरेजमध्ये 5 मिमी फट दिसते, उतारावर ती शून्य होते. दाजींच्या गाडीत हेच झालं होतं. ट्रान्सफरच्या माउंटिंगची रबरं चिरलेली होती. ती आधी बदलली, नाना पेठेत मिळाली, मगच दांड्याला हात लावला. रबर जुनं ठेवून फट मोजणं म्हणजे वाया गेलेला वेळ.

आता प्रत्यक्ष काम. दांडा गाडीतच ठेवून वेल्डिंग करू देऊ नका. बूट काढला की गिअरबॉक्सच्या दांड्याची खालची टोपी दाबून फिरवायची, दांडा वर निघतो. भोकावर लगेच स्वच्छ फडकं कोंबायचं. गिअरबॉक्समध्ये खडा किंवा वेल्डिंगचा कण गेला तर दुसरं दुखणं. गोळ्याखालची नायलॉनची बैठक झिजली असेल तर याच वेळी बदलायची, कारण लांब दांड्यावर तिथली ढिलाई मुठीत जास्तच जाणवते.

दांडा किती लांब करायचा? बॉडी 50 वर गेली म्हणून दांडा 50 ने वाढवा, असं सरधोपट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आपण सीटसकट वर गेलो हे खरं, त्यामुळे मूठ हाताला खाली वाटते. पण 320 चा दांडा 370 केला की मुठीचा पुढे-मागे प्रवास 136 वरून 157 मिमी होतो. जोर कमी लागतो, पण हात लांब फिरतो आणि "टक्" बोथट होतो. गिअर पूर्ण बसला की नाही हे मुठीतून कळणं ही या गाडीची मोठी देणगी आहे. ती घालवायची नाही. मी 35 मिमीवर थांबतो. प्रवास 151 होतो, मूठ पूर्वीपेक्षा थोडी खाली राहते, पण दोन दिवसांत हात रुळतो. उंच माणसाला तर तेवढंही नको असतं. सीटवर बसून, खांदा टेकवून, चौथा गिअर ओढून पाहायचा आणि मग आकडा ठरवायचा. पुस्तकी माप इथे चालत नाही.

लांबी वाढवायच्या दोन पद्धती आहेत. पहिली, मुठीच्या आट्यांवर लांब नट चढवून त्यात पुढे आटे पाडलेला रॉड बसवायचा. रविवार पेठेत अर्ध्या तासात सामान मिळतं, वेल्डिंग नको, परत काढताही येतं. चेक नट (पहिला नट सैल होऊ नये म्हणून लावायचा दुसरा नट) घट्ट लावला आणि आट्यांचं माप बरोबर जुळवलं तर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे पुरतं. पण खडबडीत वाटेवर नट सैल होतो आणि मूठ हातात फिरायला लागते. ज्या क्षणी गिअर नक्की कुठे आहे हे कळायला हवं त्याच क्षणी मूठ फिरणं मला चालत नाही. म्हणून मी दुसरी पद्धत करतो. दांडा मुठीच्या बाजूला कापायचा, मधे तेवढ्याच जाडीचा रॉड घालायचा, दोन्ही जोडांना व्ही आकाराची चामफर, म्हणजे तिरपी कड, देऊन वेल्ड भरायचा आणि वरून सीमलेस पाइपची बाही. बाहीला आधी भोकं पाडून त्यातूनही वेल्ड भरायचा. कापायचं मुठीच्या जवळ, कारण मुठीवर हात जोर लावतो तेव्हा दांड्यावरचा वाकवणारा ताण गोळ्यापाशी सर्वात जास्त आणि मुठीकडे कमी कमी होत जातो. जोड तिथे असावा जिथे ताण कमी. वेल्ड झाल्यावर लालभडक दांडा पाण्याच्या बादलीत बुडवायची काहींना सवय असते. तसं अजिबात करू नये. राखेत किंवा कोरड्या वाळूत ठेवून द्यावा, सावकाश निवू द्यावा. पाण्याने जोडाशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो.

पण खरा जीव आहे तो वाकवण्यात. नुसती लांबी वाढवून भोकातली अडचण सुटत नाही, उलट मूठ आणखी मागे येऊन सीटला लागते. बॉडी उचलल्यावर गोळा आणि पत्रा यांच्यामध्ये आता जास्त जागा झालेली असते. त्या जागेत दांडा थोडा पुढे वाकवायचा, म्हणजे तो भोकाच्या मध्यातून वर येतो. पत्र्याच्या वर आल्यावर परत मागे, हाताकडे. बाजूने पाहिलं तर सौम्य एस दिसतो. गॅसने गरम करताना गोळ्याभोवती ओलं फडकं गुंडाळायचं, गोळ्याचा घोटीव पृष्ठभाग जपायचा. आधी 6 मिमीच्या तारेचा नमुना वाकवून गाडीत लावून पाहायचा आणि मग त्याप्रमाणे दांडा. हा नमुना करायला माझ्याकडचे लेथवाले काका शिकवून गेले. घाईत असलेल्या माणसाला तो वेळखाऊ वाटतो, पण लाल झालेलं लोखंड पुन्हा पुन्हा वाकवण्यापेक्षा तार वाकवलेली बरी.

एवढं करूनही भोक थोडं मागे वाढवावं लागतंच. ग्राइंडरने नीट आखून कापावं, कडा घासून रंग द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज. आता कंपनीचा बूट आणि त्याची पट्टी हे वाढलेलं भोक झाकत नाही. 1.6 मिमी पत्र्याची चौकट करून तिला बूट बसवला की झालं. आतला रबरी बूट मात्र फेकून देऊ नका. खालचा चिखल, पाणी, गरम हवा तोच अडवतो. मापाचा नाही मिळाला तर ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून दोन थरांत लावतो, ते वर्षानुवर्षं टिकतं. वरून सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनची पिशवी शिवून घेतली की दिसायलाही नीट. पितळेच्या जड मुठी हल्ली दिसतात. सुंदर असतात, पण लांब दांड्यावर खड्ड्यांत तो जडपणा दांड्याला झोके देतो. मी हलकी मूठच लावायला सांगतो.

ट्रान्सफरचा दांडा आखूड, पण त्याची फट जास्त ठेवा. गिअरच्या दांड्याला मी चारही बाजूंनी बोटभर जागा ठेवतो, ट्रान्सफरला दीड बोट. आणि दोन्ही दांडे वाकवल्यावर एकमेकांना लागत नाहीत ना, हे पाहायलाच हवं. पाच पुढचे गिअर, रिव्हर्स आणि न्यूट्रल मिळून सात जागा, ट्रान्सफरच्या चार. अठ्ठावीस जोड्या होतात. सगळ्या टाकून पाहाव्यात, आणि मूठ धरलेल्या हातासकट पाहाव्यात. रिव्हर्स आणि लो एकत्र असताना बोटं चेपली जातात असं बऱ्याचदा निघतं.

जोराखालची तपासणी मी पोरांच्या खेळायच्या क्लेने करतो. भोकाच्या कडेला सगळीकडून क्लेचा जाड थर चिकटवायचा, बूट न लावता गाडी चढावर न्यायची. मोकळी जागा बघून लोमध्ये चढ, मग तोच उतार पाय सोडून, मग रिव्हर्समध्ये चढ. परत येऊन क्ले पाहायची. दांडा कुठे किती टेकला ते ठशावरून कळतं, उरलेल्या थराची जाडी मोजली की फट मिलिमीटरमध्ये हातात. दाजींच्या गाडीला हे केलं तेव्हा ट्रान्सफरच्या एका कोपऱ्यात ठसा खोल आला, तिथलं भोक आणखी थोडं घासलं. त्यानंतर त्या गाडीने ताम्हिणी उतरून कोकणात जाऊन यायचं काम कितीदा केलंय. ताई आता उतारावर मागे बसून डोळे मिटत नाही.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलंय. त्यामुळे गाडी उचलायच्या आधी आरटीओत नीट विचारा, विमा कंपनीलाही लपवू नका.

शेवटी, आधीच उचललेली जिप्सी विकत घेणाऱ्यांसाठी. रंग आणि टायर नंतर बघा. आधी दोन्ही बूट वर करून टॉर्च मारा. भोकाची कड चकाकतेय का, दांड्याचा रंग एका पट्ट्यात गेलाय का, जोडावर बाही आहे की नुसता वरवरचा वेल्ड, हे पाहा. मग मालकाला शेजारी बसवून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पळवा आणि हात मुठीवर हलका ठेवून अॅक्सिलरेटर एकदम सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. चौथ्यातही तसंच करा. मूठ हातात मागे-पुढे सरकत असेल किंवा गिअर सुटत असेल, तर बूट काढून, दांडा भोकाच्या मध्यात असताना पुन्हा तेच करून पाहा. तरीही सुटला तर दात गेलेत असं धरून गिअरबॉक्सच्या कामाचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.